मोहोळवालीचा वाटा

मोहोळवाली माणसांशी बोलायची ती भांडल्यासारखी आणि माश्यांशी बोलायची ती बाळंतिणीशी बोलावं तशी, हळू. आमच्या बांधावर ऐनाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या ढोलीत सातेरी माश्यांचं मोहोळ होतं. ही माशी लहान, अंधारात राहणारी, फारशी न चावणारी. मोहोळवाली बिडीचा एक झुरका ढोलीत सोडायची, कोपरापर्यंत हात आत घालायची आणि म्हणायची, "सरका गो बायांनो, माजाच हात हाय." मग मान वळवून माझ्यावर ओरडायची, "लांब हो मेल्या! तुज्या अंगाला साबनाचा वास येतो." मी गुपचूप चार पावलं मागे सरायचो.

आमचं गाव पेणजवळ, गडबच्या अलीकडे, आणि तिची वाडी आमच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. नवरा होता तोवर तो कड्यावरची आग्यामोहोळं उतरवायचा आणि ही ढोलीतली सातेरी काढायची. तो गेल्यावर तिनं आग्याचा नाद सोडला. पावसाळ्यात आमच्याकडे लावणीला यायची, नंतर वाल खुडायला. मजुरीला येणाऱ्या बायांमध्ये आमच्या बापाला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणणारी ही एकटीच.

मोहोळ काढायची तिची रीत ठरलेली होती. मधाची कड तेवढी कापायची, पिल्लांची बाजू तशीच ठेवायची. कोणी म्हणालं, सगळंच घे की, तर अंगावर जायची. "समदं नेलं तर पुढल्या साली कुठल्या तोंडानं येऊ त्यांच्या दारात?" आणि ज्याच्या बांधावर मोहोळ, त्याच्या घरी पळसाच्या पानात वाटा पोचलाच पाहिजे. बाबा दरवर्षी म्हणत, "अगो, कशाला? तुला ठेव." दरवर्षी ती पान ओटीवर आपटल्यासारखं ठेवायची. "मी नाय देत. माश्या देतात, तुमच्या झाडात ऱ्हातात त्याचा वाटा हाय. तुमी कोन नको म्हननारं?"

उरलेला मध ती पेणच्या बाजारात नेऊन विकायची. तिथं एका गिऱ्हाइकानं बाटली उन्हात धरून विचारलं, "गुळाचं पाणी नाही ना गं यात?" मोहोळवालीनं त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. "दुकानातली घ्या. तिच्यावर माशीचं चित्र हाय, म्हंजे खरी आसंल." त्या दिवशी तिनं त्याला शेवटपर्यंत मध दिला नाही. तो बिचारा दुप्पट भाव द्यायला तयार झाला होता.

मग आमच्यासमोरचा डोंगर विकला गेला. कोणी विकला, कोणी घेतला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. आधी झाडं गेली, मग मुरूम काढायला यंत्रं आली. भराव टाकायला डोंगर ट्रकात बसून गेला, आणि आम्ही नाक्यावर चहा पीत ट्रक मोजत बसलो. मला आजही त्याची चीड येते. कड्यावरच्या आग्या माश्या उठल्या आणि पेणमधल्या एका नव्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन लटकल्या. लोकांनी पलिते लावून त्या जाळल्या. मी आणि मोहोळवाली त्या दिवशी बाजारात होतो, ऐकून तिथं गेलो. फरशीवर जळक्या माश्यांचा ढीग पडलेला, मेणाचा वास सुटलेला, आणि वर गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग चाललेलं. ती खाली उभी राहून बोंबलली, "त्यांचा कडा तोडलात, आता त्यांनी बसायचं कुठं ते तरी दावा!" एका बाईनं खिडकी लावून घेतली. वॉचमननं मोहोळवालीला हाताला धरून गेटबाहेर काढलं. आणि मी, तिच्याबरोबर आलेला माणूस, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांना शिव्या घालणं सोपं असतं.

भात कापलं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर आम्ही वाल पेरतो. वालाला पाऊस नको, थंडी हवी. पण अलीकडे पावसाला जायचं भानच राहिलेलं नाही. त्या वर्षी दिवाळी उलटून गेली तरी तो कोसळत होता. पहिला वाल कुजला, दुसऱ्यांदा पेरला. तो फुलावर आला आणि पुन्हा आभाळ भरून आलं. आभाळ आलं की वालावर माव्याची कीड पडते. शेंड्याशेंड्याला काळा मावा चिकटला. मोहोळवालीनं शेत बघितलं आणि मला बजावलं, "फवारायचं तर दिस बुडल्यावर फवार. रानात फूल नाय राहिलं. बांधावरचं गवत तू औषध मारून जाळलंस. त्या समद्या तुज्या वालावरच येतात आता. सकाळी मारशील तर माश्या मारशील."

मी हो म्हणालो. मला ते पटलंही होतं. पण मी कंपनीत कामाला, त्या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट. संध्याकाळी मी शेतात असणार कसा? शिफ्ट बदलून मागता आली असती. दोन दिवस थांबता आलं असतं. मी सकाळी नऊ वाजता पंप पाठीला लावला. वालाच्या फुलांवर माश्यांचा आवाज चालू होता, तो मला ऐकू येत होता, आणि मी फवारत गेलो. बाराला आंघोळ केली आणि कंपनीच्या बसमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर चहा घेत होतो. मोहोळवाली आली. शिवी नाही, हाक नाही. तिनं पळसाचं पान माझ्यासमोर ठेवलं आणि उलगडलं. आत मेलेल्या माश्या होत्या, ओंजळभर. काहींच्या सोंडा बाहेर आलेल्या, काहींच्या पायांना अजून पराग लागलेला.

"घे," ती म्हणाली. "तुजा वाटा."

बाबा आतून बाहेर आले, पान बघितलं आणि परत आत गेले. मी म्हणालो, "मोहोळवाली, माझी शिफ्ट होती गो." "त्यांची बी शिफ्ट होती," एवढं बोलून ती निघाली. त्यानंतर तिनं आमच्या शेतात पाऊल टाकलं नाही. ढोली आठवड्याभरात शांत झाली. पुढे तिच्यात मुंग्या लागल्या.

वाल थोडाफार आला. पण विहिरीजवळच्या मांडवावर मी काकडी, कारली लावतो, तिथं पुढच्या वर्षी वेल फुलांनी भरले आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. खताच्या दुकानदारानं मला एक टॉनिक दिलं, मग दुसरं. तो मूर्ख नव्हता. मूर्ख मी होतो, कारण काय झालंय हे मला माहीत होतं आणि तरी मी बाटल्या आणत होतो. शेवटी मी आणि बायको सकाळी उठून नर फूल तोडून मादी फुलावर घासत बसलो. साठ फुलं होईतो कंबर मोडली. जे काम माश्या फुकट करत होत्या ते आम्ही दोघं माणसं मिळून नीट करू शकत नव्हतो.

मोहोळवाली तोवर वाडी सोडून रोह्याकडे लेकीकडे राहायला गेली होती. पत्ता काढत मी तिथं गेलो. ती झोपडीबाहेर बसली होती. खूप वाळली होती, आवाज मात्र तसाच. मी माफी मागितली. मग ज्यासाठी गेलो होतो ते मी विचारलं. सातेरीचं एखादं मोहोळ कुठं माहीत आहे का? पेटीत भरून आणीन. औषध बंद करीन, बांधावर गवत ठेवीन, शपथ घेतो.

"हाय," ती म्हणाली. "एक हाय."

"कुठं?"

"तुला नाय सांगनार."

मी रडकुंडीला आलो. मी बदललोय, असं काहीतरी बोललो. तिनं हात वर करून मला गप्प केलं.

"तू वाईट नायस. पन तू येशील, मग तुज्यामागनं वाट पडंल. वाटेवरनं दुसरा येईल. मग गाडी येईल. डोंगराला पयली काय व्हती? पायवाटच व्हती ना?"

मला तिचा भयंकर राग आला. पार गावी पोचेपर्यंत मी मोटारसायकलवर तिच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पाणी देऊन रिकामं परत पाठवलं. भांडता भांडता आमच्या समोरचा अर्धा डोंगर दिसू लागला आणि माझे मुद्दे संपले.

पुढे ती वारली, ते मला महिन्यानं कळलं. मी रोह्याला गेलो. लेक भाकऱ्या थापत होती. मी आईचं विचारलं, आजार विचारला, शेवटचं काय बोलली ते विचारलं. लेकीनं सगळं सांगितलं. मी निघताना ती आपणहून म्हणाली, "दादा, ती मोहोळाची जागा. आयनं मला दावून ठेवलीय." आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी चपला घातल्या. काही न विचारता निघालो.