कुटुंबाचं उत्पन्न: शून्य

तेवीस ऑगस्ट, दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार. विषय दरमहा दीड हजार रुपयांचा. तलवाड्याला मामांच्या ओसरीवर हजर आम्ही तिघे: मामा, गयामामी आणि मी. गेल्या महिन्यात मामा गेल्याचा फोन बीडला आला, तेव्हा एसटीत बसल्यावर मला आधी तीच दुपार आठवली...

सरकार बायकांच्या खात्यात पैसे देणार होतं. मोठी अट एक: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. मामींना ते पैसे फार हवे होते. एकसष्ट वर्षांत त्यांच्या नावावर कधी काही जमा झालं नव्हतं. नवंकोरं पासबुक त्या दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. आकडे तपासायची माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून मला बोलावलेलं. मामांनी अर्ज आधीच भरला होता आणि ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ यापुढे ठळक लिहिलं होतं: शून्य.

“मामा, कारखान्याला ऊस काय फुकट घालता?”

“ऊस माझा हाय. हितं कुटुंबाचं इचारलंय.” त्यांनी मामींकडे बोट केलं. “हे माझं कुटुंब. हिला कुठलं आलंय उत्पन्न?”

जुन्या माणसांच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको, हे मी विसरलोच होतो. मी हसलो आणि समजावलं, की सरकारच्या लेखी नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून कुटुंब. थोरल्याचं लग्न झालंय, तो वेगळा. धाकटा विकास माजलगावला नोकरीला आहे, त्याचा पगार मात्र धरायचा.

अशा जागी मामांचं डोकं फार रमायचं. नियम दिसला की तो उलटासुलटा करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“म्हंजी इकासचं लगीन लावलं की आमी गरीब?”

“लावा की मग,” मामी म्हणाल्या. “दोन साल झाले, पोरगी बघतो म्हणता.”

“आन् चारचाकी नको म्हणतेत, मग ट्रॅक्टर कावून चालतो? त्याला काय तीन चाकं हायेत?”

दारात चारचाकी नको, अशीही एक अट होती. ट्रॅक्टरला सूट आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

मग मी ऊस, दूध आणि विकासचा पगार यांची बेरीज केली. पुन्हा एकदा केली. अडीच लाखांच्या बरीच वर जात होती. तसं सांगितल्यावर मामींनी पासबुक पदरात गुंडाळलं आणि त्या चहा टाकायला उठल्या. मामांनी त्या शून्यावर बोट ठेवलं.

“भाच्या, तुझी बेरीज बरुबर. पन मी लिव्हलं ते चूक हाय का? धारा ती काढती, वैरण ती आणती, खुरपायला ती. आन् तिचं उत्पन्न शून्य. हे कसं काय रे?”

त्यांचा सूर दुःखाचा नव्हता. ट्रॅक्टरचं विचारलं, त्याच सुरात विचारलं होतं.

अर्ज दिलाच नाही. आठवड्याभरानं मामांचा फोन आला. दूध संकलन केंद्रावरचं खातं त्यांनी मामींच्या नावावर करून घेतलं होतं. माझ्यातला हिशेबनीस गप्प बसेना. म्हटलं, “मामा, घर एकच आहे. बेरजेत काही फरक पडणार नाही.”

“ठावं हाय रे. पन लई दिवस ते शून्य डोक्यातून जाईना.”

त्यानंतर सणासुदीला गेलो, की पाहुण्यांसमोर मामा मुद्दाम विचारायचे, “आमच्या कुटुंबाचं उत्पन्न किती, इचारा!” मामी आतून ओरडायच्या, “तुमाला कशाला सांगू?”

तेराव्यानंतर मी निघालो, तेव्हा मामांची दुधाची किटली ओसरीवरच्या खुंटीला होती, धुऊन उपडी टांगलेली. केंद्रावरचा माणूस दहा दिवसांच्या बिलाची चिठ्ठी देऊन गेला. मामींनी ती माझ्या हातात दिली.

“वाच. ह्येंच्यामागं नाव बदललं तर न्हाई ना?”

मी वाचलं. साठ लिटर दूध. दोन हजार तीनशे चाळीस रुपये. जमा: गयाबाई.