मी बनवलेला साचा

भोसरीतल्या त्या शेडमध्ये मी सात वर्षं फायबरचं काम केलं. जुन्या काळच्या, उघड्या टपाच्या गाडीची हुबेहूब बॉडी आम्ही बनवायचो. हौशी लोक ती नव्या चासीवर बसवून मिरवायचे. त्या बॉडीचा साचा माझा. फोटोंवरून मापं काढून, पुट्टी घासत मी तो पाच महिन्यांत उभा केला. पुढच्या मडगार्डची गोलाई मनासारखी येईना म्हणून तीनदा मोडली. दिघीला घरी गेल्यावर हात इतके खाजायचे की भाकरी थापवत नसे.

एकदा एका गिऱ्हाइकानं साचा कुणी बनवला म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, परदेशात शिकलेल्या डिझायनरनं. मी शेजारीच उभी होते.

"आणि या?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"या साफसफाईला असतात."

त्याच महिन्यात मी काम सोडलं आणि चाकणच्या एका शेडमध्ये लागले.

वर्षभरानं शेठ तिथं आले, सोबत तेच गिऱ्हाईक. नव्या कामगारांनी साच्याला मेण नीट लावलं नव्हतं. बॉडी आत चिकटली आणि ओढून काढताना साचा मडगार्डपाशी फाटला. गिऱ्हाइकाच्या मुलीची वरात त्याच गाडीतून निघायची होती. ताई, तेवढी गोलाई जुळवून द्या, असं शेठ परत परत म्हणत होते.

"साचा कुणी बनवला ते यांना सांगा, मग येते," मी म्हणाले.

शेठनी खाली बघत सांगितलं. सगळं सांगितलं, साफसफाईचं खोटं होतं हेही.

"आता जा. मी येणार नाही."

हे आधी ठरवलेलं नव्हतं. त्यांचा उतरलेला चेहरा दिसला आणि तो तसाच राहावा असं वाटलं. "यात माझं काय चुकलं?" गिऱ्हाईक म्हणालं. मी पाठ फिरवून कामाला लागले. दुपारी मी पोटभर जेवले.

शेठनी गाड्यांचं काम बंद केलं. आता ते संडासाचे दरवाजे बनवतात असं जुन्या मैत्रिणीकडून कळलं. त्याचं मला अजूनही बरं वाटतं. साचा करवतीनं कापून भंगारात दिला, हेही तिनंच सांगितलं. रविवारी मी त्या भंगारवाल्याकडे जाऊन आले. मडगार्डचा तुकडा काही मिळाला नाही.