सुमेधचा काळा तुकडा

आमचे हे खामगावच्या दवाखान्यातून एकटेच परत आले आणि चपला न काढता उंबऱ्यात बसले, तेव्हा मी सुमेधसाठी मुगाची खिचडी डब्यात भरत होते. कुणी काही सांगायची गरजच राहिली नाही… कावीळ झाली म्हणून सुट्टीवर आलेला माझा धाकटा भाऊ गेला होता.

तो जन्मला तेव्हा मी चौथीत होते. आई मजुरीला जायची, म्हणून शाळा सोडून मी त्याला सांभाळलं. पुढे तो लांबच्या शहरात संशोधन करू लागला. काय संशोधन, हे मी लाजून कधी विचारलं नाही. या वेळी त्यानेच खाटेवर बसून डबीतला काळा, चकाकणारा तुकडा दाखवला. तो बर्फापेक्षा कितीतरी थंड केला की त्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते, म्हणाला. मोठं चुंबक लावलं की ते वाहणं मोडतं. पण या तुकड्यात चुंबकाचा जोर एका दिशेने लावला तर ते टिकून राहतं, दुसऱ्या दिशेने लवकर मोडतं. ती दिशा सापडायला त्याला वर्ष लागलं होतं.

“असं काऊन होते रे?”

“आमचे साहेबबी हेच विचारून राह्यले. तू तं साहेबच झाली, ताई!”

“चेष्टा नको करू. दवाई घे आधी.”

बरं वाटल्यावर तो हा तुकडा आणखी मोठं चुंबक असलेल्या संस्थेत नेणार होता.

पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेच्या आदल्या दिवशी, त्याच्या वस्तू फोटोपुढे पांढऱ्या कपड्यावर मांडायच्या म्हणून मी चष्मा, पेन, घड्याळ, सगळं स्वच्छ पुसलं. तुकड्यावर केसाएवढा पांढुरका डाग होता. तो चिंचेच्या पाण्याने घासून काढला.

नंतर त्याच्यासोबत काम करणारी मुलगी तुकडा न्यायला आली. खिडकीशी उभी राहून ती तो फिरवत राहिली.

“ताई, यावर एक रेघ होती ना? त्यानं दिशेची खूण केली होती.”

“मी… धुतला तो.”

तिने तुकडा डबीत ठेवून झाकण लावलं. मग म्हणाली, “असू द्या. आम्ही पुन्हा शोधू.” पण जाताना डबी माझ्याच हातात ठेवली. “हा तुमच्याजवळ राहू द्या.” तेव्हा समजलं, आता कुणी शोधणार नाही.

डबी फोटोखाली आहे. धूळ पुसताना मी ती उचलत नाही, फडकं कडेकडेनेच फिरवते… तुकडा ज्या बाजूला आहे, त्या बाजूलाच राहू देते.