किल्लेदाराला मालिका आवडली

चष्म्याच्या दुकानाचा पुढचा भाग मालकाचा आणि मागचा त्याचा. पुढे आरसे, दिवे, गिऱ्हाइकांची ये-जा. मागे एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी खोली, तिच्यात काचा घासायचं मशीन, पाण्याची बादली आणि एक स्टूल. आलेल्या नंबराप्रमाणे काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून पुढे सरकवायची, हे काम तो लग्नाच्या आधीपासून करत आला होता. चष्मा डोळ्यांवर चढवून गिऱ्हाईक म्हणे, "वा, छान दिसतंय आता." पण ते मालकाला. मागे कोणी बसलंय, हे पुष्कळांच्या गावीही नसायचं.

फोनवर मात्र तो किल्लेदार होता.

एका राजाने नदीला कुलूप घातलं आणि एका म्हाताऱ्या, लंगड्या नावाडणीने ते उघडलं, अशी एक लांबलचक अद्भुत कादंबरी होती. तिचे जाडजूड खंड त्याने तरुणपणी वाचले आणि मग वाचतच राहिला. बायको त्या पुस्तकांना विटा म्हणायची. "तुमच्या विटा जरा सरकवा, मला झाडायचंय." अशाच वेड्यांचा एक ग्रुप त्याने सुरू केला होता. बघता बघता त्यात हजारो माणसं आली आणि कादंबरीतल्या किल्ल्याच्या राखणदारावरून सगळे त्याला किल्लेदार म्हणू लागले. कुठल्या खंडात कोण कोणाला काय म्हणालं यावरून वाद पेटला की शेवटचा शब्द त्याचा. शिवाय त्याची जीभ तिखट होती. त्याने कोणाची खिल्ली उडवली की ग्रुप दिवसभर हसत राहायचा.

कादंबरीवर मालिका येणार असं जाहीर झालं तेव्हा ग्रुपमध्ये आनंदीआनंद होता. मग पहिलं चित्र आलं. त्यात नावाडीण तिशीची, देखणी आणि दोन्ही पायांवर ताठ उभी. झालं, ग्रुपमध्ये भडका उडाला. कोणी रडलं, कोणी निर्मात्यांना शिव्या घातल्या. ग्रुपचा दुसरा ॲडमिन गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याने बहिष्काराची हाक दिली आणि किल्लेदाराला फोन केला. "तुम्ही लिहा. तुमच्या लिहिण्याला धार आहे."

त्याने दुकानातल्या स्टुलावर बसून लिहिलं. 'ज्याला ही मालिका आवडेल त्याने खुशाल बघावी. फक्त आपण वाचक आहोत असं कुठे सांगू नये. ज्यांना पानं उलटायचा कंटाळा, त्या मोठ्या माणसांसाठी काढलेली ही अंकलिपी आहे.' तेव्हा मालिकेचा एकही भाग आलेला नव्हता. पण ती पोस्ट वणव्यासारखी पसरली. अनोळखी माणसांनी ती आपल्या नावावरही खपवली.

पुढे एका शुक्रवारी संध्याकाळी तो कामावरून आला, तर बायको टीव्हीसमोर बसलेली आणि पडद्यावर नदी. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिथल्या सगळ्याजणी ही मालिका बघतात, म्हणून तिनेही लावली होती. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेल्यापासून त्या घरात बोलणं असं फारसं उरलंच नव्हतं. दूध आणलं का, गॅस बंद केला का, एवढ्यावर दिवस निभायचा.

"हा कोण?" तिने पडद्यावरून नजर न हलवता विचारलं.

"धाकटा भाऊ. राजाचा."

"बिचारा दिसतो."

"बिचारा कसला, पुढे दगा देतो तो," असं म्हणत तो उभ्याउभ्याच सांगू लागला आणि सांगता सांगता खाली बसला. चहा गार झाला. तिने मध्येच विचारलं, "नदीला कुलूप म्हणजे किल्ली केवढी असेल हो?" तो खुलून हसला. लेखकाने त्या किल्लीवर अख्खं प्रकरण खर्ची घातलंय, ती उचलायला सात माणसं लागतात आणि त्यातली सहा परत येत नाहीत, हे त्याने हातवारे करून सांगितलं. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. इतक्या वर्षांत त्या विटांमध्ये काय आहे हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

मग दर शुक्रवारी तेच. ती स्वयंपाक लवकर उरकायची, तो दुकानातून पाय उचलत यायचा. आणि गोष्ट अशी की त्याला मालिका आवडायला लागली. ती तरुण नावाडीण वल्हं धरायची ते थेट त्याच्या मनातल्या म्हातारीसारखं. पुस्तकात धाकटा भाऊ दोन पानांत मरतो; इथे त्याच्यावर एक पूर्ण भाग होता. तो बघताना बायकोने पदराने डोळे टिपले आणि तिच्या नकळत त्यानेही टिपले. लेखकाला जे सुचलं नाही ते यांना सुचलं, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो एकदम दचकला, जणू कोणीतरी ऐकलं असावं.

कारण तोवर फोन थरथरायला लागलेला असायचा. प्रत्येक भागाची चिरफाड किल्लेदाराने करायची, असा शिरस्ता पडला होता. बहिष्कार असताना तुम्ही बघता कसे, असं एकाने विचारलं, तेव्हा त्याने लिहिलं, 'शत्रूच्या गोटात कोणीतरी शिरायला हवं.' सगळे खूश झाले. भाग संपला की तो बाल्कनीत जायचा, दार ओढून घ्यायचा आणि ज्या प्रसंगाला आत्ताच डोळे टिपले होते त्याच्याच चिंध्या करायचा. विनोद कमी पडला की हाताशी येईल ते घ्यायचा. मग आत येऊन विचारायचा, "पुढच्या शुक्रवारी काय होणार सांगू?"

"नको," ती म्हणायची. "मजा जाईल."

एके दिवशी तो घरी आला तर टीव्ही बंद होता. वार शुक्रवारच होता. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, फोन समोर.

"हे किल्लेदार म्हणजे तुम्हीच ना?"

तो चपला काढता काढता थांबला.

"दवाखान्यातल्या सिस्टरने दाखवलं. म्हणाली, हा माणूस फार भारी लिहितो, हसून हसून पोट दुखतं." तिने फोन जवळ घेतला आणि शांतपणे, दवाखान्यात पेशंटचं नाव पुकारावं तसं वाचलं. "काल एका प्रेक्षक बाईंनी मला विचारलं, नदीला कुलूप म्हणजे किल्ली केवढी असेल हो? मंडळी, ही मालिका या बाईंसाठी बनवली आहे. त्यांना किल्ली द्या आणि घरी पाठवा." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. "मीही हसले आधी. सिस्टरसमोर. मग कळलं, ती बाई मी आहे."

"अगं, ते तसं नव्हतं. तिथे असंच लिहावं लागतं."

"कोण लावतं लिहायला?"

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"तुम्ही किती आवडीने सांगत होतात ती किल्लीची गोष्ट," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला विचारलेलं आवडलं."

"आवडलंच होतं."

"मग तर जास्तच वाईट," असं म्हणून ती उठली आणि आत गेली.

त्याच आठवड्यात मास्तरांनी मेळावा ठरवला होता. शिकवणीच्या वर्गातच, रविवारी दुपारी. बाकांवर दाटीवाटीने माणसं बसली होती, उरलेली भिंतीला टेकून उभी होती, फळ्यावर कोणाचं तरी अर्धवट समीकरण तसंच होतं. किल्लेदाराला त्यांनी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. कोणी हात मिळवला, एक मुलगी पहिल्या खंडावर सही मागायला आली. तो घरून ठरवूनच आला होता. तो फळ्यापुढे उभा राहिला.

"मला मालिका आवडली," तो म्हणाला.

वर्ग हसून लोटपोट झाला. मास्तरांनी टेबलावर थाप मारली.

"नाही, खरंच सांगतो. मी एकही भाग चुकवलेला नाही. नावाडीण उत्तम आहे. धाकट्या भावाच्या भागाला मी रडलो."

आता तर टाळ्या. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "किल्लेदार, रुमाल देऊ का?" तो थांबला. त्याला वाटलं, चेहरा गंभीर ठेवावा, म्हणजे कळेल. त्याने चेहरा गंभीर केला आणि हशा आणखी वाढला, कारण त्याची खासियत हीच असणार, असं सगळ्यांना वाटलं. इतकी वर्षं त्याने यांना एकच भाषा शिकवली होती, आणि त्या भाषेत खरं बोलायची सोयच नव्हती. तो खाली बसला. मास्तर त्याच्या कानाशी म्हणाले, "तोडलंत. असं गंभीर तोंड करून बोलायला आम्हाला नाही हो जमणार."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. "मी खरं बोललो तिथे."

"मग?"

"हसले."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू नव्हतं ते. "माझ्याबद्दल बोललात?"

त्याला ते सुचलंच नव्हतं. मालिका आवडली एवढंच कबूल करायला तो गेला होता.

त्याने ग्रुप सोडून पाहिला. मास्तरांनी तासाभरात त्याला परत आत घेतलं आणि खाली लिहिलं, 'किल्लेदारांचा निषेध पाहिलात ना.' मग त्याने ती किल्लीची पोस्ट काढून टाकली. ती आधीच शेकडो जागी पोचलेली होती, कुठून कुठून त्यालाच परत येत राहिली. 'ती बाई माझी बायको आहे आणि तिचा प्रश्न चांगला होता,' असं त्याने एकदा सरळ लिहिलं. त्यावरही हसणारे चेहरे आले. दुकानातल्या मागच्या खोलीत मशीन चालू असताना फोन खिशात थरथरायचा आणि तो बादलीतल्या पाण्याकडे बघत काच घासत राहायचा. आजूबाजूला भिंती होत्याच. आता खिशातही एक खोली झाली होती.

मालिकेचं दुसरं पर्व आलं. बायको आताही शुक्रवारी टीव्ही लावते. तो येऊन बसला तर सरकून जागा देते, चहाही देते. फक्त विचारत काही नाही. तिला काही अडलं तर ती दवाखान्यातल्या सिस्टरला फोन करते. सिस्टरने आता पुस्तकं वाचायला घेतली आहेत.

परवा भाग संपल्यावर तो भांडी पुसत होता. बाहेर ती फोनवर कोणाला तरी समजावत होती. "अगं, राजाच्या हातावरचा तो डाग आहे ना, तो भाजल्याचा. लहानपणी भावाने चुलीतले निखारे ओतले अंगावर."

तो डाग भाजल्याचा नव्हता. तो पहिल्या खंडात नदीनेच दिलेला होता, आणि त्यावरच तर पुढचं सगळं उभं होतं. ताट हातात धरून तो दारापर्यंत आला. ती हसत होती, पाय सोफ्यावर घेऊन, मजेत.

"हो ना, म्हणून तर तो भावावर चिडून असतो," ती म्हणाली.

तो मागे फिरला आणि ताट पुन्हा पुसायला लागला. ते कोरडंच होतं.