चाखून शिंपायचं औषध

मुरबाडला शेतीखात्यात लागून मला महिनाच झाला होता. सिद्धगडाच्या पायथ्याशी एका पाड्यावर ती बाई भेटली. तिच्या भाताच्या पानांवर करपा रोगाचे ठिपके पडले होते. तुळस-निरगुडीचा पाला उकळून, गार करून, ती केरसुणीने शिंपडत होती. प्रत्येक घमेल्यात बोट बुडवून आधी चाखायची आणि कडू लागलं की खुशीत मान हलवायची, "कस उतरला."

मी ऐटीत बुरशीनाशकाची बाटली पुढे केली. तिने झाकण काढलं, बोट बुडवलं आणि सवयीने जिभेकडे नेलं. मी ओरडून तिचं मनगट धरलं. "मावशी, विष आहे ते!"

तिने माती लावून हात धुतला. "मंग सायेब, ह्याच भाताची पेज माजी नात पिनार नाय का?"

फवारणीनंतर किती दिवसांनी कापणी करायची, हे पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं, पण मी बाटलीचं झाकणच पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. ते पाहून तिचा आवाज मऊ झाला. "भ्यालास रे पोरा? बस. चाय टाकते."

तिच्या पाल्याने करपा किती हटला, मला ठाऊक नाही. पण आजही कुणाच्या हातात बाटली ठेवताना मी नकळत त्याचं मनगट धरतो, आणि ते सोडायला मला जरा वेळ लागतो.