एक ते दोनचा तास

मे महिना संपत आला की माझं खरं काम सुरू होतं. बाकीचे प्राध्यापक लग्नाच्या पंगती झोडत असतात आणि मी विभागाच्या खोलीत पुढच्या वर्षाची जुळवाजुळव करत बसते. कुठला पेपर कुठल्या सत्रात, तो कोण शिकवणार, आठवड्याला किती तास. चोवीस वर्षं हेच चाललंय. सुरुवातीला त्यात मजा वाटायची. कुठल्या वयाच्या पोरांना कुठली कविता द्यावी यावर मी बैठकीत तावातावानं भांडायचे. आता कोणी भांडायला आलंच तर मी त्याच्यासाठी चहा मागवते.

आमचा इंग्रजी विभाग म्हणजे दोन माणसं. एक मी, कायम. दुसरी माझीच एकेकाळची विद्यार्थिनी, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असतील तोवर नोकरी, नाहीतर घरी. नऊ वर्षं ती दर जूनला नव्यानं नेमली जात होती. दर वर्षी तिची मुलाखत व्हायची. प्रश्न विचारणारी मी, उत्तरं देणारी ती, आणि ते झाल्यावर आम्ही दोघी एकाच डब्यातली भाकरी खायचो.

नवं धोरण आलं आणि मेजर, मायनर, ऐच्छिक, कौशल्य असे इतके रकाने आले की मुलांचं सोडा, मलाच काही कळेना. साहित्याचे पेपर कमी झाले. त्यात इंग्रजी घेणारी मुलंही घटली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. नियम असा की आधी कायम माणसाचे तास भरायचे, उरले तर दुसऱ्याला. गेल्या वर्षी माझे भरले आणि तिच्यासाठी उरला तिसऱ्या वर्षाचा एकच ऐच्छिक पेपर, लेखनाचा. तो चालला तर ती राहणार, नाही चालला तर नाही. इतकं ते सरळ होतं.

तो पेपर आम्ही दोघींनी मिळून बांधला होता. खरं सांगायचं तर तिनंच. मी स्वल्पविराम दुरुस्त केले. पहिलाच स्वाध्याय तिनं असा घातला होता की, भाजीवालीशी केलेली घासाघीस इंग्रजीत लिहा, पण ती बाई कोल्हापूरचीच वाटली पाहिजे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकीत एकानं नाक मुरडलं, तेव्हा मी बऱ्याच वर्षांनी आवाज चढवला. पेपर मंजूर झाला. त्या दिवशी मला उगीच तरुण वाटत होतं.

मंजूर होणं वेगळं आणि चालणं वेगळं. किमान दहा मुलं हवीत, ही पहिली अट. दुसरी अडचण वेळापत्रकाची. सकाळी एकही खोली रिकामी नाही, तेव्हा लेखनाला मिळाली दुपारी एक ते दोनची वेळ. त्याच्या बदल्यात घ्यायचा दुसरा पेपर होता व्यवहाराच्या इंग्रजीचा. तो वाणिज्य शाखेच्या मुलांबरोबर, त्यांच्याच सरांकडे, सकाळी नऊला. मुलांनी दोन्हींपैकी एकावर खूण करून फॉर्म द्यायचा.

तिसऱ्या वर्षाला एकोणीस मुलं. शहरातल्या अकरांना मी स्वतः धरून धरून समजावलं. चौघं तयार झाली, बाकीच्यांना दुपारी कुठे दुकानात काम, कुठे क्लास. उरलेल्या आठ मुली गारगोटी रस्त्यावरच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या. त्यांतल्या सहा मिळाल्या की दहा पुरे होत होते. आणि त्या आठी जणी आमच्या तासिकेवाल्या बाईंबरोबर त्याच एसटीनं जा-ये करायच्या, कारण तिचं माहेर आणि सासर दोन्ही त्याच रस्त्याला. मी आठही कोरे फॉर्म तिच्या हातात दिले. म्हटलं, तुझं ऐकतात त्या, तूच पटव. एक तास थांबायला काय जातंय? तिनं फॉर्म पिशवीत घातले आणि गेली.

चौथ्या दिवशी तिनं ते आणून माझ्या टेबलावर ठेवले. मी एकेक उलटत गेले. आठही फॉर्मांवर व्यवहाराच्या इंग्रजीवर खूण.

मला वाटलं, हिनं प्रयत्नच केला नाही. मी चिडले. नऊ वर्षं तुझ्यासाठी ऑफिसचे उंबरे झिजवतेय आणि तुला आठ पोरी पटवता येत नाहीत, असं काहीबाही बोलले. आजकालच्या मुलींना साहित्याशी देणंघेणं नाही, हेही म्हणून घेतलं. माझं ते नेहमीचं वाक्य आहे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना, मॅडम. दुसरा पेपर घ्या म्हणून."

ती शांतपणे सांगू लागली. सव्वाची गाडी चुकली की पुढची साडेतीनला. फाट्यावर उतरून गावात चालत जाईपर्यंत पाच वाजतात आणि म्हशींच्या धारेची वेळ निघून गेलेली असते. सव्वाच्या गाडीनं यायचं, याच बोलीवर या मुलींना घरातून पाठवलंय. दोघींच्या घरी तर लग्नाची बोलणी सुरूच आहेत, कॉलेज सोडवायला फक्त एक निमित्त हवंय.

"मी थांबा म्हटलं असतं तर आठीजणी थांबल्या असत्या," ती म्हणाली. "माझं ऐकत्यात त्या. दिवाळीपतोर निभावलं असतं. मग एकेकीचं कॉलेज सुटलं असतं, आणि मी आपली तास घेत बसले असते की."

मी विचारलं, तू माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा कुठल्या गाडीनं जायचीस?

"सव्वाच्याच. म्हणून तर बी.ए. झाले."

त्या काळात दर शनिवारी दुपारी मी मुलांना थांबवून घेऊन कविता वाचायचे. ही कधी थांबली नाही. ज्यांना गोडी नाही त्यांनी इंग्रजी घेऊ नये, असं मी भर वर्गात तिच्याकडे बघून बोलले होते. तिला ते आठवत असणारच. तिनं ते काढलं नाही आणि मीही नाही. मला लाज वाटली, आणि या वयात लाज वाटली की माणूस फार थकतो. मी घरून कॉलेजला स्कूटरवर पंधरा मिनिटांत येते. त्या एसटीत मी एकदाही बसलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वेळापत्रकवाल्या सरांकडे गेले. माझा सकाळी अकराचा तास लेखनाला घ्या, मी एक ते दोन शिकवते, म्हटलं. ते म्हणाले, तुमचा पेपर सक्तीचा आहे मॅडम, म्हणजे सगळ्यांनाच एकला थांबायला लागणार. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सहानुभूती दाखवली आणि कोणाचे किती तास त्याचा तक्ता दुपारपर्यंत मागितला.

तो तक्ता दर वर्षी तीच टाईप करायची. मला त्या रकान्यांत काही घालता येत नाही, घातलं की सगळं इकडचं तिकडे होतं. त्या दिवशीही ती नेहमीसारखी येऊन संगणकापुढे बसली. मी म्हटलं, राहू दे, मी ऑफिसातून करून घेते. ती म्हणाली, कशाला, पाच मिनिटांचं काम हाय. मी माझे पेपर सांगत गेले, ती आकडे घालत गेली. सोळा तास भरले. दोनदा बेरीज करून बघितली.

मग तिचे हात थांबले.

"माझ्या नावापुढं शून्य घालू, का ओळच काढू?"

मी म्हटलं, शून्य घाल. नाव असू दे.

तिनं थोडा विचार केला आणि ओळ काढून टाकली. शून्य तासांचं नाव असलं की ऑफिस तक्ता परत पाठवतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.