कावडीखालचा पाय

मी देवाधर्माचं फार करणाऱ्यांपैकी नाही. श्रावणात कावड उचलतो, ती अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेला जवळपास प्रत्येक पोरगा उचलतो म्हणून. देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न मला कायम पडायचा आणि आजही मी त्यावर कुणाशी वाद घालणार नाही. जे झालं ते फक्त सांगतो.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून माझा उजवा पाय दुखत होता. टाच नाही, घोटा नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध. मी पोलीस भरतीची तयारी करत होतो आणि वयाच्या अटीमुळे ती माझी शेवटची संधी होती. सोळाशे मीटर वेळेत पळालो नाही तर सगळं तिथंच संपणार होतं. रोज सकाळी डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत मी पळायचो. आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळतानाच दुखू लागलं. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. हाड शाबूत आहे ना, मग दुखणं मनाचंच, असं मी ठरवून टाकलं. गोळी घ्यायची आणि पळायचं. माय म्हणायची, "पायाकडं पाह्य जराक. साऱ्या आंगाचा भार त्याच्यावरच आहे तुया." मी या कानानं ऐकायचो आणि त्या कानानं सोडून द्यायचो.

श्रावण आला तोवर जिना उतरतानाही पाय धरू लागला होता. मी मनातून हादरलो होतो, पण थांबायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. शेवटी आमच्या जुन्या शहरातल्या राजेश्वर महादेवाला नवस बोललो. शेवटच्या सोमवारची कावड मी मंदिरापर्यंत नेईन, वाटेत कुणालाही खांदा देणार नाही, तू तेवढा माझा पाय बरा कर.

आमची कावड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भांड्यांत भरतात, ती भांडी बांबूच्या कावडीला बांधतात आणि मंडळातली माणसं ती खांद्यावर घेऊन अनवाणी चालत अकोल्याला आणतात. ते पाणी राजेश्वराला वाहायचं. कावड वाटेत जमिनीला टेकवायची नाही. थकला तो बाजूला होतो आणि दुसरा चालता चालताच त्याच्या जागी खांदा लावतो. यात कुणी कमीपणा मानत नाही. खांदा न देण्याची अट माझी मीच घालून घेतली होती. पाय बरा व्हावा म्हणून त्याच पायावर ओझं घेऊन रात्रभर चालायचं, असली अक्कल आम्हा नवस करणाऱ्यांनाच सुचते. आज हसू येतं. तेव्हा मी अगदी गंभीर होतो.

निघताना गोळी घेतली होती. आमच्या मंडळाचे म्होरके गजूभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "काहून लंगडून राहिला बे?" मी म्हटलं, "काही नाही, खडा रुतला." त्यांनी पुढं विचारलं नाही.

उजाडता उजाडता अकोल्यातल्या अकोट फैल वस्तीच्या अलीकडे आलो, तेव्हा गोळीचा असर केव्हाच उतरला होता. पाऊल टेकलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. ताशाच्या ठेक्यावर सगळ्यांची पावलं एकत्र पडत होती, माझंच मागं पडत होतं. तेवढ्यात गर्दीतून एक अनोळखी गृहस्थ शेजारी येऊन चालू लागले. पन्नाशीचे असतील, गळ्यात गमछा, पाय अनवाणी.

"खांदा द्या, भाऊ," ते म्हणाले.

"राहू द्या काका. नवस आहे माझा."

ते गेले नाहीत. थोडं अंतर चालून पुन्हा म्हणाले, "कावड तुमच्याच बाजूनं उसळून राहिली. पाणी सांडून राहिलं."

"सांडू द्या. मी सोडणार नाही."

मी चांगलाच तुसडेपणानं बोललो होतो. त्यांनी मनावर घेतलं नाही. शांतपणे म्हणाले, "पाणी महादेवाचं आहे, तुमचं नाही. त्याले पोचू द्या."

मी खांदा काढला, त्यांनी लावला. कावड नीट चालू लागली आणि मी मागून लंगडत रडत निघालो. नवस मोडला, आता पायही गेला आणि भरतीही गेली, एवढंच डोक्यात होतं.

पुढं भाविकांसाठी चहा-फराळाचा मंडप होता. तिथं त्यांनी आपली जागा दुसऱ्याला दिली, मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या पायावरचा चिखल पाण्यानं धुतला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पाय मागं घेऊ लागलो. त्यांनी तो घट्ट धरला आणि पावलाच्या मधोमध अंगठा दाबला. मी ओरडलोच.

ते मूळचे अकोल्याचे, अमरावतीला खेळाडूंच्या पायांवर उपचार करणारे डॉक्टर होते. वाटेत कुणाचा तरी कापलेला तळवा बांधत थांबले, म्हणून त्यांचं मंडळ पुढं निघून गेलं होतं. "एक्स-रेत हे लवकर दिसत नाही," ते म्हणाले. "एमआरआय करा. मले वाटते हाडाले बारीक चीर आहे. आणखी पळसान तर तुकडा पडन. आता पाऊल टाकू नका."

"मंदिर इथंच तर आहे. मला पोचायचंच आहे."

"तुमच्या नावानं मी नेतो," असं म्हणून त्यांनी आपला फोन नंबर दिला, उठले आणि झपाझप पुढं जाऊन पुन्हा कावडीखाली गेले.

मी ऑटोनं घरी आलो. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाणी पोचलं ना राजेश्वराले?"

"पोचलं असन."

"मंग झालं. आता पाय पाहू."

एमआरआयमध्ये चीर निघाली. दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही, असं त्याच डॉक्टरांनी बजावलं. ज्या हट्टानं मी पळत होतो, त्याच हट्टानं आता बसायचं ठरवलं. कुबड्या घेऊन बसनं अमरावतीला जायचो. घरी बसल्या बसल्या दंड-पोटाचे व्यायाम केले, लेखीची पुस्तकं उघडली. पुढं पोटऱ्या मोकळ्या करायला शिकलो, बुटात पावलाच्या उंच कमानीला आधार देणारी गादी घातली आणि चालण्यापासून सुरुवात केली. दुखलं की थांबायचं, हा नियम मला पळण्यापेक्षा जड गेला. तिकडं मैदानी चाचणी पुढं ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. कशामुळं, ते आम्हा उमेदवारांना कोण सांगतं? सगळी पोरं वैतागली होती. मी मात्र देव्हाऱ्यापुढं हात जोडून बसलो.

चाचणीच्या दिवशी रांगेत उभा राहिलो तेव्हा काहीच मागितलं नाही. मागण्यासारखं खूप होतं, पण मन गप्प होतं. शिट्टी वाजली आणि पळालो. शेवटच्या फेरीत छाती फुटेल असं वाटलं, पाय मात्र शेवटपर्यंत साथ देत होता. वेळेत पोचलो. बाहेर येऊन मायला फोन लावला, तर पास झाला का हे तिनं विचारलंच नाही.

"पाय दुखला का रे?" ती म्हणाली.

"नाही दुखला, माय."

पलीकडून तिचा हुंदका ऐकू आला आणि मी तिथंच मातीत बसून पोटभर रडलो.

लेखी परीक्षा अजून व्हायची आहे. अभ्यास चालू आहे आणि मी तो जीव तोडून करणार आहे. पळायचं काम माझं आहे, ते मी सोडणार नाही. पण पोचवणारा मी नाही, हे आता मनापासून मान्य आहे, आणि ते मान्य केल्यापासून मला नीट झोप लागते.